कांदाचाळ, द्राक्षबाग आणि उभ्या कानांचं पिल्लू

चाळीत कांदा भरायला लागलं की गोल्टी बाजूला पडते. लिंबाएवढी, गोल, ढकलली की घरंगळत जाणारी. दुधाच्या दातांनी सगळं जग चावून बघणाऱ्या पिल्लाला याहून चांगलं खेळणं सापडत नाही. ते गोल्टी तोंडात धरून पळतं, बाजेखाली जाऊन बसतं, चावता चावता निम्मी गिळूनही टाकतं. घरच्यांना कौतुक वाटतं. दोन-तीन दिवसांनी पिल्लू मलूल होतं, हिरड्या फिक्या दिसू लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते, तेव्हा त्या गोल्टीची आठवण कुणालाच राहिलेली नसते. विंचूरच्या शिवारात, मळ्यातल्या वस्तीवर जर्मन शेफर्ड पाळायचा तर काळजीचा पहिला धडा इथून सुरू होतो.

विंचूर हे निफाड तालुक्यातलं, नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचं ठाणं. लासलगाव इथून काही किलोमीटरवर, आणि लासलगाव बाजार समितीचा उपबाजार विंचूरमध्येच भरतो. राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण २००१ साली आलं आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाचा वाइन पार्कही याच गावाच्या हद्दीत उभा राहिला. म्हणजे गावाचं अर्थकारण दोन पिकांवर चालतं: कांदा आणि द्राक्ष. नेमकी हीच दोन पिकं कुत्र्याच्या शरीराला विष आहेत. या जातीवरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिली गेली. त्यांत कांदा-द्राक्षांचा उल्लेख टाळायच्या पदार्थांच्या यादीत एखाद्या ओळीत येतो. विंचूरमध्ये ती ओळ म्हणजे पिल्लाचं सगळं अंगण आहे. त्यामुळे या प्रकरणात पिल्लाचं शरीर कसं घडतं ते सांगतानाच, ते कुठे घडतं आहे हे मी सारखं समोर ठेवणार आहे.

आधी हे जनावर मुळात कशासाठी घडवलं गेलं ते पाहू. ३ एप्रिल १८९९ रोजी जर्मनीत कार्लसरूह इथल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात माक्स फॉन श्टेफानिट्स या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं लांडग्यासारखा दिसणारा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला. त्याचं नाव हेक्टर. श्टेफानिट्सनं तो विकत घेतला, त्याचं नाव होरांड फॉन ग्राफराट असं ठेवलं, त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संघटना काढली आणि तिच्या वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक या कुत्र्याला दिला. आजच्या जर्मन शेफर्डचं मूळ तिथं आहे. कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात धनगरांची मेंढरं बसतात, तेव्हा कळपाच्या कडेनं दुडक्या चालीनं फेऱ्या मारणारी कुत्री विंचूरकरांनी पाहिलेली असतातच. जर्मन शेफर्डचं मूळ काम तेच: उभ्या पिकात मेंढरू शिरू न देता दिवसभर कळपाच्या कडेनं चालत राहणं. त्याच्या शरीराची सगळी ठेवण या न थकणाऱ्या चालीसाठी आहे.

म्हणून तो उंचीपेक्षा लांब असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शरीराची लांबी उंचीपेक्षा साधारण १० ते १७ टक्के जास्त असावी लागते. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळची उंची ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो; मादीची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर आणि वजन २२ ते ३२ किलो. हे आकडे नीट लक्षात ठेवावेत, कारण पिल्लं विकणारे ‘पन्नास किलोचा होईल’ असं अभिमानानं सांगतात. पन्नास किलोचा जर्मन शेफर्ड हा जातीच्या मापाबाहेरचा कुत्रा आहे, आणि तो जादा भार आयुष्यभर त्याच्या खुब्यांवर पडतो. ‘डबल बोन’ हा शब्दही असाच. कुत्र्याला हाडांचा एकच सांगाडा असतो. जाड पायांचं पिल्लू जास्त किमतीला विकण्यासाठी बाजारात तो शब्द चालतो. ‘डबल कोट’ला मात्र अर्थ आहे. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वरचे राठ, पाणी झटकणारे केस आणि त्याखाली मऊ, दाट लव. लांब केसांच्या प्रकारालाही ही आतली लव असावी लागते.

पिल्लू विकत घ्यायचं ते आठ आठवड्यांचं झाल्यावरच. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारनं २०१७ साली केलेल्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही. पण हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. चावण्याचा जोर किती असावा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडतं आणि खेळ थांबतो. महिन्याचं असतानाच आईपासून तोडलेल्या पिल्लाला हे शिकायला मिळत नाही आणि पुढे ते माणसाच्या हातावर शिकवावं लागतं. शक्य असेल तर आई दिसेल तिथूनच पिल्लू घ्यावं. आई अंगावर हात ठेवू देते का, अनोळखी माणसाला पाहून थरथरत मागे सरते का, चालताना मागचे पाय डगमगतात का, हे पाहिल्यावर जे कळतं ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं.

आठ आठवड्यांचं पिल्लू साधारण सहा ते नऊ किलोचं असतं. मादी पिल्लं थोडी हलकी. पंजे अंगापेक्षा मोठे, कान पडलेले, रंग अजून अर्धवट. बरीच पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ काळी असतात. पायांकडून आणि तोंडाकडून तांबूस-पिवळा रंग महिन्यागणिक वर चढत जातो आणि शेवटी पाठीवर काळं खोगीर तेवढं उरतं. लांडग्यासारख्या करड्या रंगाचं पिल्लू आधी फिकट, मग गडद असं बदलत जातं. त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाच्या रंगावर भाळून किंमत ठरवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वीस नखांचा कुत्रा भाग्याचा मानतात. या जातीत पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असणं हीच नेहमीची गोष्ट आहे. मागच्या पायाला जादा नख आलंच तर ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. वेळेवर कापलं नाही तर वळून मांसात रुततं. एवढाच त्याचा परिणाम.

कानांची चिंता घराघरांत असते. जन्मापासून पडलेले कान आठव्या आठवड्यानंतर कधीतरी उभे राहू लागतात, काही पिल्लांचे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत लांबतात. मध्येच आणखी एक गोष्ट घडते. चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात यायला लागतात, आणि त्या काळात उभा राहिलेला एखादा कान पुन्हा लवतो. घरचे घाबरून कॅल्शियमचं औषध सुरू करतात. हे अगदी थांबवायला हवं. कान कूर्चेचा असतो, हाडाचा नसतो. तो कॅल्शियमनं उभा राहत नाही. उलट मोठ्या जातींच्या लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम रोखून धरता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं रक्तात शिरतं आणि वाढत्या हाडांची व सांध्यांतल्या कूर्चेची घडण बिघडवतं. ग्रेट डेन पिल्लांवरच्या प्रयोगांतून हे चार दशकांपूर्वीच दिसून आलं आहे. तरीही आपल्याकडे मोठ्या जातीच्या पिल्लासोबत कॅल्शियमची बाटली जणू हुंड्यात मिळते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्य चालू असेल तर वरून काहीही घालायची गरज नाही.

याच्या उलट चूकही मळ्यावर होते: दूध-भाकरीवर वाढवलेलं पिल्लू. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली की पोट भरतं, पिल्लू गोल दिसतं, पण त्याच्या वाढीला लागणारी प्रथिनं त्यात पुरेशी नसतात. नुसतं मांस दिलं तरी हाडं कच्ची राहतात, कारण मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. पाय फाकलेली, पंजे पसरलेली पिल्लं बहुधा अशा एकांगी खाण्यातून होतात. घरचं खाणंच द्यायचं असेल तर बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं, भात किंवा भाकरी, थोडं दही, शिजवलेला भोपळा किंवा गाजर असं मिश्रण करावं आणि त्यात खनिजं किती घालायची हे पशुवैद्यकांकडून पिल्लाच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यावं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. ताटात उरलेलं कालवण मात्र कधीही नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

किती द्यायचं याचं उत्तर पिल्लाच्या बरगड्या देतात. हात फिरवला की बोटांना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मात्र ठळक दिसता कामा नयेत. लॅब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांवर अमेरिकेत आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं दिलं होतं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य सुमारे १३ वर्षं निघालं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२, सांध्यांचा आजारही कमी खाणाऱ्यांत उशिरा आला. पिल्लू गुटगुटीत असावं ही आपली हौस त्याच्या आयुष्यातून जवळजवळ दोन वर्षं कापून घेते, इतका तो हिशेब सरळ आहे.

खुब्याचा आजार या जातीचं मोठं दुखणं आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसण्याऐवजी सैल राहतो, घासतो, आणि पुढे संधिवात जडतो. त्याचं मूळ अनुवंशात आहे, पण वाढीच्या वयातल्या वागवण्यावर बरंच अवलंबून असतं. इथे विंचूरच्या रानाची मोठी कृपा आहे. नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत हा आजार जास्त होता. मोकळ्या, मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर दोरीशिवाय हुंदडणाऱ्यांत आणि शेतावर वाढलेल्यांत कमी होता. नांगरलेली काळी जमीन, बांध, द्राक्षबागेच्या ओळींमधली माती हे पिल्लासाठी उत्तम व्यायामाचं ठिकाण आहे. त्याला घातक आहे ती नव्या बंगल्याची गुळगुळीत फरशी, जिच्यावर मागचे पाय दर वळणाला घसरतात. तिथे गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरावी. दुचाकीच्या मागे पळवणं, पिकअपच्या हौद्यातून उडी मारू देणं, मैलभर एकसारखं दौडवणं दीड वर्षापर्यंत टाळावं, कारण तोपर्यंत हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा पूर्ण भरलेली नसते. पाच ते बारा महिन्यांच्या वयात, नरांत जास्त करून, पिल्लू आज एका पायानं लंगडतं, आठवड्यानं दुसऱ्याच पायानं. हा लांब हाडांतला वाढीच्या वयाचा दाह असतो आणि बहुधा आपोआप जातो, तरी तपासून घ्यावा.

आता कांदा. कांदा-लसणात गंधकाची संयुगं असतात. आपण कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या रसायनांच्याच कुळातली. कुत्र्याच्या तांबड्या पेशींना ती झेपत नाहीत. पेशीतलं हिमोग्लोबिन खराब होऊन त्याचे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात, शरीर त्या पेशी निकामी समजून मोडून टाकतं आणि रक्त पातळ होत जातं. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. आठ किलोच्या पिल्लासाठी हे १२० ते २४० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे एक-दोन कांदे. शिजवून, तळून, वाळवून विष जात नाही. वाळवलेल्या कांद्यात ते अधिक दाट होतं. लसूण तर कांद्याहून तीव्र. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा पाया भाजलेल्या कांद्याचं वाटणच असतं. त्यात भाकरी कुस्करून पिल्लाला देणं म्हणजे रोज थोडं थोडं विष देणं. एकदम जास्त खाल्लं तर लक्षणं एक ते पाच दिवसांत दिसतात. रोज थोडं खाल्लं तर रक्त हळूहळू कमी होत राहतं आणि ‘पिल्लू अंग धरत नाही’ एवढीच तक्रार राहते. चाळीला खालून दोन फूट तरी बारीक जाळी मारावी आणि गोल्टीचा ढीग उघड्यावर ठेवू नये. फेकलेला सडका कांदाही यातून सुटत नाही, आणि पातही नाही.

द्राक्षांचं विष वेगळं आणि जास्त भीतीदायक, कारण त्याचं प्रमाण सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर द्राक्षं पचवतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशा द्राक्षांनी बंद पडतात. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी २००१ साली ही गोष्ट पहिल्यांदा शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. कारण मात्र वीस वर्षं सापडलं नव्हतं. २०२१ साली त्यांच्याच लक्षात आलं की टार्टारिक आम्लाचा क्षार असलेलं पीठ खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडतात. द्राक्षात टार्टारिक आम्ल भरपूर असतं. फळ कच्चं असताना त्याचं प्रमाण जास्त, पिकता पिकता कमी, आणि जातीप्रमाणे, रानाप्रमाणे बदलतं. म्हणून प्रत्येक कुत्र्याचा अनुभव निराळा. सर्वाधिक संशय आता याच आम्लावर आहे. चिंचेतही तेच आम्ल असतं, त्यामुळे मळ्यातल्या चिंचेखाली पडलेली बोटुकंही पिल्लाच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

हे कळलं की द्राक्षबागेचं वर्ष पिल्लाच्या डोळ्यांनी पाहता येतं. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि डोळे फुटावेत म्हणून काडीवर डॉरमेक्स लावतात. ते द्रव्य कातडीलाही घातक आहे, त्या दिवशी पिल्लू बागेत नकोच, आणि डॉरमेक्स कालवलेली बादली त्याच्या वाटेवर नको. पुढे मण्यांची विरळणी होते. तेव्हा ओळींखाली कच्च्या, आंबट मण्यांचा सडा पडतो आणि आम्लाच्या दृष्टीनं हाच काळ सगळ्यांत वाईट. काढणीच्या महिन्यांत तडकलेले घड बांधावर टाकतात. वाळलेला बेदाणा तर आटलेलं द्राक्ष. त्याची एक मूठ म्हणजे कितीतरी द्राक्षं. शिऱ्यातले बेदाणे वेचून पिल्लाला देणाऱ्या लहान मुलांना हे घरातच शिकवायला हवं. वाइनसाठी द्राक्ष पिळल्यावर उरणाऱ्या चोथ्यालाही तोच नियम.

पिल्लानं द्राक्षं खाल्ली असं दिसलं किंवा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या दिवसात उलट्या होतात, मग ते सुस्तावतं, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊन बंद पडते. तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते. पहिल्या दोन तासांत पशुवैद्यकांनी औषध देऊन उलटी करवली आणि पुढे दोन दिवस शिरेतून सलाईन दिलं, तर बरीच कुत्री वाचतात. मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी करवण्याचा उपाय धोक्याचा आहे. त्या मिठानंच पिल्लू दगावू शकतं.

दात येण्याच्या काळात पिल्लू ठिबकच्या नळ्या कुरतडतं. नळीचं नुकसान होतं ते होतंच, पण त्या नळीतून विद्राव्य खतंही जात असतात. मोटारीच्या स्टार्टरची वायर त्याहून वाईट. त्याला चघळायला जाड दोरीची गाठ किंवा गार केलेलं सोललेलं गाजर द्यावं आणि त्याचं फिरण्याचं आवार ठरवून टाकावं. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइडचं आमिष वस्तीवर कुत्रं असताना वापरूच नये. कांदाचाळ आली की उंदीर येतात हे खरं आहे, आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोचा आजारही खरा आहे. पण त्यासाठी पिंजरा आहे, लस आहे.

लसीचं वेळापत्रक समजून घेतलं की पाळणं सोपं जातं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती हळूहळू ओसरते, आणि असेपर्यंत लसीचाही परिणाम होऊ देत नाही. कोणत्या पिल्लात ती नेमकी कधी संपेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. एक सुई टोचली आणि झालं, असं समजणाऱ्या घरांतली पिल्लं पार्व्होनं जातात. जर्मन शेफर्ड ही पार्व्होला अधिक बळी पडणाऱ्या जातींपैकी एक आहे. विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आधीचं पिल्लू रक्ताच्या जुलाबानं गेलं असेल तर त्याच जागी लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नये. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी दर वर्षी. जंताचं औषध पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला.

गोचीड मात्र लसीनं जात नाही. गोचीड-तापाचे जंतू इतर जातींपेक्षा जर्मन शेफर्डमध्ये जास्त भीषण रूप घेतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे जे कुत्रे नाकातून रक्त वाहून मोठ्या संख्येनं मेले, त्यांत हीच जात प्रामुख्यानं होती. कुत्र्याची तांबूस गोचीड गाई-म्हशींच्या गोचिडीपेक्षा वेगळी आहे. ती रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटींत, कौलांच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं अंग साफ करून उपयोग नाही. गोठ्याच्या आणि पिल्लाच्या जागेच्या फटी सिमेंटनं बुजवणं हाही औषधोपचारच आहे. गुरांसाठी आणलेलं गोचिडीचं औषध अंदाजानं पिल्लावर ओतू नये किंवा गुरांचं आयव्हरमेक्टिन टोचू नये. या जातीतल्या काही कुत्र्यांत असा एक जनुकीय दोष असतो की ते औषध मेंदूत शिरतं आणि त्यांना झटके येतात.

निफाडचा हिवाळा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. मोठ्या कुत्र्याला त्याचा आनंदच होतो, पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला जमिनीपासून उंच, कोरडी आणि वाऱ्याच्या आडोशाची जागा लागते. एप्रिल-मे महिन्यांत चित्र उलटं होतं. तेव्हा केस भादरण्याचा मोह होतो, तो आवरावा. वरचे केस उन्हाला अडवतात. भादरल्यावर ते कधीकधी पूर्वीसारखे येतही नाहीत. आतली लव दाताळ्या कंगव्यानं काढत राहावी आणि दुपारी अकरा ते पाच सावली, पाणी एवढंच द्यावं.

रात्रीचा प्रश्न बिबट्याचा. गोदाकाठच्या उसात तो आहे, हे निफाड तालुक्यात कुणाला सांगायला नको. शेजारच्या जिल्ह्यात, अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. राखणीसाठी म्हणून अंगणात साखळीनं बांधलेलं पाच महिन्यांचं पिल्लू पळूही शकत नाही. वर्षाचं होईपर्यंत तरी त्याला रात्री घरात किंवा वरून बंद असलेल्या जाळीच्या खोलीत ठेवावं. शेततळ्याचीही अशीच दक्षता घ्यावी. प्लास्टिकच्या कागदावर पंजे रुतत नाहीत. पोहता येणारं जनावरही दमून बुडतं. काठाला कुंपण आणि चारही बाजूंनी पाण्यात सोडलेलं जाड दोरांचं जाळं, एवढ्यानं कुत्रंच काय, माणसाचंही मूल वाचू शकतं.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती राहत नाही. ट्रॅक्टर, ब्लोअर, कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची टोळी, शेजारच्या रानातली मेंढरं, घुंगरं वाजवत जाणारी बैलगाडी, हे सगळं त्यानं सुरक्षित अंतरावरून, घरच्या माणसाच्या जवळ बसून पाहिलं पाहिजे. लस पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर किंवा गाडीत बसवून दाखवावं. ‘माणसाळवलं तर राखण करणार नाही’ असं म्हणून पिल्लाला कोंडून वाढवणारे लोक भित्रं आणि म्हणूनच चावरं जनावर तयार करतात. मग हंगामात आलेल्या मजुराच्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते. राखणीची वृत्ती या जातीच्या रक्तातच आहे आणि ती वर्ष-दीड वर्षात आपोआप जागी होते. शिकवायचं ते थांबायला, सोडायला आणि हाक मारली की परत यायला. आज्ञा मराठीत द्या, छोट्या द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा.

दीड-दोन वर्षांचं झाल्यावर शेजारचे नर-मादीची जोड लावायला येतात. त्याआधी दोन्ही जनावरांच्या खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे काढून घ्यावा. स्नायू पूर्ण सैल पडावेत म्हणून तो गुंगीचं औषध देऊन काढतात. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याचाही सांधा सैल निघू शकतो. पाठ किती उतरती असावी यावर जगभर वाद आहे. २०१६ साली ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मागचा भाग फारच खाली गेलेल्या एका मादीला जातीतलं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. ऐटीसाठी उतरत्या पाठीची पैदास करण्यापेक्षा दिवसभर सरळ चालू शकणाऱ्या जनावराची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खुबे सदोष निघालेल्या मादीला पिल्लं होऊ देऊ नयेत. तिची नसबंदी करावी, वजन आटोक्यात ठेवावं. चाळीच्या दारात ती पुढची कितीतरी वर्षं चांगली राखण करते.